नसलेली रायफल

पेपरात ‘अत्याधुनिक शस्त्रसाठा जप्त’ अशी बातमी आली की मी आधी फोटो बघते. बहुतेक वेळा टेबलावर दोन गावठी कट्टे आणि एक सुरा असतो, मागे सहा पोलीस उभे असतात. घरातले म्हणतात, तुला काय करायचंय. करायचं काहीच नसतं. पण ‘अत्याधुनिक’ हा शब्द तिथे कुणी घातला आणि घालताना त्याला खरं ठाऊक होतं का, हे मनात येतंच. एकदा असाच एक शब्द माझ्या हाताखालून गेला होता. मला खरं ठाऊक होतं.

बाहत्तर साल उजाडलं तेव्हा मी वीस वर्षांची होते. मॅट्रिक होऊन नगरला मावशीकडे राहत होते आणि एका साप्ताहिकाच्या छापखान्यात मुद्रितं तपासत होते. रविवारी एसटीने कोल्हारला घरी जायचं. साप्ताहिक चार पानांचं. संपादक आणि मालक एकच, ट्रेडल मशीन एक, कंपोझिटर एक. हे कंपोझिटर वयस्कर ख्रिस्ती गृहस्थ होते, मिशनच्या शाळेत छपाईचे अक्षरखिळे जुळवायला शिकलेले. चुकीचा मजकूर जुळवताना त्यांचा हात आपोआप थांबत असे.

युद्ध नुकतंच संपलं होतं आणि पेपर हत्यारांनी भरले होते. नगर लष्कराचं गाव, त्यामुळे पानटपरीवरसुद्धा लोक रायफलींवर बोलायचे. त्यातच पुण्या-मुंबईच्या दैनिकांत कायद्याच्या बातम्या येऊ लागल्या. अमुक रायफल खाजगी माणसाला बाळगता येत नाही, परवाने तपासणार, निवडणुकीआधी हत्यारं ठाण्यात जमा करावी लागणार. आमच्या संपादकांना वाटलं, आपल्याकडेही काहीतरी हवं. मला म्हणाले, “तुमच्या कोल्हारात कुणाकडे आहे का हो असलं काही?”

आमच्या शेजारच्या काकांकडे बंदूक होती. काका फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, पण गाव त्यांना सुभेदार म्हणायचं. रानडुकरं हाकायला पीक संरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली ठासणीची एकनळी होती ती. नळीत दारू ओतायची, गजाने ठासायची, छर्रे घालायचे, केप बसवायची आणि मग उडली तर उडली. आतल्या खोलीत दाराच्या मागे खुंटीला टांगलेली असे. तिचा चामड्याचा पट्टा तुटला तेव्हा काकूंनी आपल्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ दुहेरी शिवून त्याला जोडला होता. शिवताना सुई मी ओवून दिली होती.

मी संपादकांना आठ ओळी लिहून दिल्या. प्रवराकाठच्या एका गावात एका निवृत्त फौजीच्या घरी रायफल आहे. ‘बंदूक’ हा शब्द मला गावंढळ वाटला. रंग भरायला पट्ट्याचा हिरवा काठही घातला, कारण संपादक नेहमी म्हणायचे, बातमीत डोळ्याला दिसेल असं काहीतरी पाहिजे. माझं लिहिलेलं पहिल्यांदाच छापून येणार होतं.

संपादकांनी मथळा दिला, ‘प्रवराकाठी स्वयंचलित रायफल?’ शेवटचं प्रश्नचिन्ह त्यांच्या आवडीचं होतं. ते दिलं की जबाबदारी वाचणाऱ्याची, असं त्यांचं मत.

कंपोझिटर मथळा जुळवता जुळवता थांबले. “बाई, तुम्ही बघितली आहे ना ही? ठासणीची तर नाही? मोठ्या टाइपात माझ्याकडे ‘ठ’ एकच धड आहे. लागत असला तर आत्ताच सांगा.”

मी म्हटलं, “रायफलच आहे.”

त्यांनी उरलेले खिळे जुळवले. प्रूफ आलं तेव्हा त्यात ‘स्वयंचलीत’ असं दीर्घ पडलं होतं. मी लाल शाईने ते ऱ्हस्व केलं. खोट्या शब्दाचं शुद्धलेखन मी तपासलं आणि सही करून प्रूफ परत दिलं. बातमीला नाव नव्हतं, ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ एवढंच होतं. पहिल्या पानावर आली. मावशीने शेजारणीला दाखवली.

पुढच्या रविवारी गावी गेले तर काकांच्या ओट्यावर माणसं बसलेली. काकांनी नियमाप्रमाणे बंदूक आधीच ठाण्यात जमा करून पावती घेतली होती. पण मग बातमी तिथे पोचली. त्या भागात बंदुकीचा परवाना असलेले निवृत्त फौजी काका एकटेच, म्हणून पोलीस त्यांच्याच घरी आले आणि विचारू लागले, ही तर ठासणीची आहे, मग ती दुसरी कुठाय? ट्रंक उघडली, कणगीतली ज्वारी अंगणात ओतली, गोठ्यातला कडबा उपसला. काकू सुपात ज्वारी भरून पुन्हा कणगीत टाकत होत्या. मीही सूप घेतलं.

काका हसत होते. “गावानं मला बढती दिली, आन् पेपरनं बंदुकीला. आता दोघांची पेन्शन वाढाया पायजे.”

कुणीतरी विचारलं, “पर सुभेदार, सोयंचलित म्हंजी काय हो?”

“चाप दाबून धरला की गोळ्या सुटत राहत्यात, ती. दुसरी अर्धी सोयंचलित. तिच्यात दर गोळीला चाप दाबायचा, भरायचं काम ती आपली आपन करती. आन् माझी? येकदा उडवली की दुसऱ्यांदा भरस्तवर डुक्कर श्रीरामपूरला पोचतंय.”

सगळे हसले. मग काका माझ्याकडे वळले. “पोरी, तू छापखान्यात हायेस. कुनी लिवलं हे, जरा इचार की. वैर न्हाई काढायचं मला. त्याला नुसतं म्हनायचंय, बाबा, येऊन बघून जा.”

मी म्हटलं, “चौकशी करते.”

काकू ज्वारी पाखडत होत्या. वर बघितलं नाही त्यांनी.

सोमवारी मी संपादकांना सांगितलं की बातमी चुकली आहे. किती चुकली ते मात्र सांगितलं नाही. रायफलच नव्हती म्हटलं असतं, तर मग लिहिलं कशाला, हा प्रश्न आला असता आणि नोकरी गेली असती. ते म्हणाले, “आपण चुकलो असं छापायचं नसतं. मुद्रणदोष म्हणून काय दोन ओळी टाकायच्या त्या टाका.” काकांनी सांगितलेलं डोक्यात ताजं होतं. अर्धी म्हणजे निदान कमी भयंकर, असा मी हिशेब केला. चौथ्या पानावर खाली आलं, ‘गेल्या अंकातील वृत्तात स्वयंचलित याऐवजी अर्धस्वयंचलित असे वाचावे.’

यापेक्षा मूर्खपणा मी पुढे कधी केला नाही. ज्याने चुकून लिहिलं असेल तो गप्प बसतो. इतक्या बारकाईने दुरुस्ती करतो म्हणजे त्याने हत्यार नीट पाहिलेलं असणार, असा अर्थ ठाण्यात निघाला, आणि तो त्यांच्या बाजूने बरोबरच होता. शिवाय ही अर्धी पण त्या दैनिकांतल्या बंदीच्या यादीत होतीच. पोलीस पुन्हा आले. या वेळी विहिरीत गळ टाकून बघितलं.

मार्चमध्ये निवडणूक झाली. गावातल्या आणखी दोघांच्या बंदुका पावती दाखवल्यावर परत मिळाल्या. काकांना सांगण्यात आलं, चौकशी बाकी आहे, दुसरी आणून द्या आणि ही घेऊन जा. काका दर आठवड्याला सायकलवरून ठाण्यात जायचे आणि तोच निरोप घेऊन यायचे. पूर्वी ते ठाण्यातली नक्कल करून दाखवायचे. एप्रिल लागला तेव्हा ती बंद झाली होती. त्यांचा नदीकडेचा तुकडा उन्हाळी भुईमुगाचा होता आणि शेंगा भरत आल्या होत्या. बाजूच्या उसात डुकरांची वस्ती. बंदुकीचा बार महिन्यातून दोनदा झाला तरी ती लांब राहायची. आता बार नव्हता हे त्यांनाही कळलं.

आता मला जे सांगायचं आहे ते हे. नसलेली रायफल दाखवता येत नाही, पण ती नाही हे सिद्ध करायचा एक रस्ता होता आणि तो फक्त मला दिसत होता. बातमीत हिरव्या काठाचा पट्टा होता. ठाण्यात जमा असलेल्या ठासणीच्या बंदुकीला तोच पट्टा होता. दोन्ही एकच, हे कुणालाही पटलं असतं. कात्रणातली ती ओळ कुणीच नीट वाचत नव्हतं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मथळाच होता. पण ती ओळ मी दाखवली असती की पुढचा प्रश्न आला असता, आतल्या खोलीतला पट्टा पेपरवाल्याला कसा ठाऊक? त्या खोलीत घरच्यांशिवाय मीच जात असे.

म्हणून मी महिना-सव्वा महिना गप्प बसले. दर रविवारी गेले, दर रविवारी परत आले.

एप्रिलच्या शेवटी, सकाळी उजाडताना, काकू रॉकेलचा रिकामा डबा वाजवत भुईमुगात शिरल्या. काका पलीकडच्या बांधावर होते. उसातून एक मादी पिलांसकट निघाली आणि सरळ अंगावर आली. काकू बाजूला झाल्या, पण बांधावरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड वाकडंच बसलं.

त्या रविवारी मी छापखान्यातून फुलस्केप कागद घेऊन गेले. काकांना म्हटलं, कलेक्टरना अर्ज करू. मी कात्रण मोठ्याने वाचलं. पट्ट्याची ओळ आली तेव्हा थांबले आणि म्हणाले, “काका, हा पट्टा तर आपल्याच बंदुकीचा. म्हणजे बातमीतली ती हीच.”

काकांनी कात्रण माझ्या हातातून ओढून घेतलं. “आरं तिच्या,” असं म्हणाले. मग म्हणाले, “ही वळ मी पन्नास येळा वाचली असंल. फौजेत असतो तर कोर्टमार्शल झालं असतं माजं.” त्यांना एवढा आनंद झाला होता की पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. मी लिहायला बसले. ‘सदर वृत्तात वर्णिलेला पट्टा व अर्जदाराने जमा केलेल्या बंदुकीचा पट्टा एकच असून’ वगैरे. अर्ज चांगला झाला. काकांनी इंग्रजीत सही केली.

काकू चुलीपाशी डाव्या हाताने भाकरी थापत होत्या. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ होत होती. मला वाढताना हळूच म्हणाल्या, “सुई तूच ववली व्हती.”

मी मान हलवली.

“पेपर आला त्याच दिशी कळलं मला. वाट बघत व्हते, कवा बोलतीस ती.”

“काकू, मी त्यांना सांगते.”

“आता कशाला? लई खूश हायेत. ज्येव.”

साधारण महिन्याने बंदूक परत आली. ठाण्यातला हवालदार काकांना म्हणाला म्हणे, ही असली ठासणीची अर्धस्वयंचलित असंल तर माझी सायकल इमान हाय. काका हे सगळ्या गावाला सांगत फिरले. भुईमूग तोवर निम्मा गेला होता. पुढे पाऊस हुलकावणी देत राहिला आणि सगळ्यांचंच इतकं गेलं की त्या निम्म्याचा विषय कुणी काढला नाही. मला मात्र तो वेगळा काढून मोजता येतो.

छापखान्यात मी आणखी दोन वर्षं काढली. मुद्रितं डोळ्यात तेल घालून तपासायची, असं माझं नाव झालं. कंपोझिटरनी त्या ‘ठ’चा विषय पुन्हा काढला नाही, पण मथळ्यात शंका आली की खिळा हातात धरून माझ्याकडे बघायचे. मी मग मजकूर आणणाऱ्याला बोलावून विचारायचे, तुम्ही स्वतः पाहिलंत का? लोकांना माझा राग यायचा.

काकांना मी कधीच सांगितलं नाही. काकूंनी नको म्हटलं होतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. खरं म्हणजे त्यांनी नको म्हटलं नसतं तरी मी दुसरं काही कारण शोधलं असतं. मी घरी गेले की काका पाहुण्यांना सांगायचे, हिनं अर्ज लिवला म्हनून बंदूक सुटली. मी उठून पाणी आणायला जायचे.

ते गेल्यावर बंदूक कायमची जमा करायची ठरली. मुलगा नोकरीला बाहेरगावी, त्याला परवाना नको होता. काकूंनी मलाच बोलावलं. मनगट तसंच होतं, पण त्या हाताने आता भाकरी एकसारखी थापायला शिकल्या होत्या. मी अर्ज लिहिला. शस्त्राचा प्रकार, एकनळी, ठासणीची. पुढे वर्णनात लिहिलं, चामडी पट्टा, मध्ये तुटलेला, लुगड्याच्या हिरव्या काठाने जोडलेला.

ठाण्यातला कारकून वाचून म्हणाला, “बाई, पट्ट्याचं कशाला लिहिलंत? त्याची नोंद नसते.”

म्हटलं, “राहू द्या. ओळख पटायला.”