बोटावरची पैज

मधुमेहाच्या क्लिनिकमध्ये माझ्या हाताशी कायम एक साधं अवजार असतं: प्लॅस्टिकच्या मुठीत अडकवलेला, बोटभर लांबीचा नायलॉनचा धागा. रुग्णाने डोळे मिटायचे, मी तो धागा त्याच्या तळव्याला टेकवायचा, किंचित वाकेल इतपत दाबायचा आणि विचारायचं, कळतंय का? एवढीच परीक्षा, पण भल्याभल्यांना तिथे घाम फुटतो. आज सकाळी नवं पाकीट फोडलं तेव्हा कोऱ्या नायलॉनचा तो फिकट, थोडासा तेलकट वास आला. धागा मी अजून हवेतच धरला होता, आणि समोरच्या बाईंनी डोळे घट्ट मिटून ठामपणे "येस" म्हटलं. माझा हात तिथेच थांबला. ते "येस" माझ्या फार ओळखीचं होतं. मँचेस्टरच्या आमच्या स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलाशी बसून, ते मी एकदा मराठीत ऐकलं होतं.

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. भारतात फोन लावायचा तर कॉलिंग कार्डावरचे आकडे नखाने खरवडावे लागत. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि आई सहा महिन्यांच्या व्हिसावर माझ्याकडे आली होती. एरवी ती रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठी, आमच्या दोन खोल्यांच्या कौलारू घरात एकटी राहायची. एकटी म्हणजे आमच्या मते. तिच्या मते खाडी होती, शेजार होता, अंगणात शेवगा होता, मग एकटी कशी? इथे आल्यावर तिने पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि रोज सकाळी भाकऱ्यांचा थाप-थाप आवाज सुरू झाला. मी आणि बायको दोघेही हॉस्पिटलच्या शिफ्टांमध्ये भरडून निघत होतो, त्यामुळे ह्या आक्रमणाविरुद्ध कुणाचीच तक्रार नव्हती.

एके सकाळी मला विचित्र वास आला. "आई, काय जळतंय गं?" मी विचारलं. ती इकडेतिकडे बघू लागली, गॅस बारीक केला, भाकरी उचलून पाहिली. आणि मला दिसलं की तिची उजवी तर्जनी तव्याच्या कडेला टेकलेली आहे. तिचंच बोट जळत होतं आणि तिला ते माझ्याकडून कळलं. मलमपट्टी झाल्यावर मी तिला टेबलाशी बसवलं, डोळे मिटायला लावले आणि बॅगेतला धागा काढला. वीस वर्षांचा मधुमेह, खाडीकाठचे डॉक्टर देतील त्या गोळ्या, आणि मुलगा परदेशात मधुमेहाचा डॉक्टर! बोटांच्या टोकांना मी धागा लावला तेव्हा ती गप्प राहिली. मग मी हात मागे घेतला, धागा कुठेच टेकलेला नव्हता, आणि आई म्हणाली, "हो, कळलं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "हो." उत्तर येत नसलेलं पोर वर्गात हात वर करतं, तसं. मी धागा गुंडाळून बॅगेत ठेवला.

त्या रात्री मी ठाण्याला भावाला फोन केला आणि आम्ही दोघांनी मिळून ठरवून टाकलं. आईने आता एकटं राहायचं नाही. घरात चूल, विहिरीचा काठ, विळी, संध्याकाळची दिवाबत्ती. काय काय होईल ह्याची यादी मी डॉक्टरी बाण्याने वाचून दाखवली. भावाच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तिच्यासाठी खोली होती, चोवीस तास बाई ठेवता आली असती. दुसऱ्या दिवशी मी हे आईला सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती. "असं?" एवढंच म्हणाली आणि कोथिंबीर निवडत राहिली. आमच्या आईचं "असं?" ज्यांनी ऐकलं आहे त्यांना ठाऊक आहे की ती प्रकरणाची सुरुवात असते.

दोन दिवसांनी मी तिला घेऊन पोस्टात गेलो. काचेवर नेहमीप्रमाणे चिठ्ठ्या चिकटवलेल्या: मांजर हरवलंय, पियानो शिकवतो. त्यांत एक माशाचं चित्र होतं. रात्रीची मासेमारी, सोबत वाटाड्या, बोट आणि चहा. आई तिथेच थबकली. काय लिहिलंय ते तिने मला दोनदा वाचायला लावलं. लहानपणी ती माझ्या आजोबांबरोबर होडीत बसून गरवायची, म्हणजे गरी टाकून मासे धरायची, हे आम्हाला ऐकून माहीत होतं. तंगुसाचा बारीक, चिवट दोरा तर्जनीवर घ्यायचा आणि नुसत्या बोटाने ओळखायचं. शिंगाळा हिसका देतो, तांबोशी दोनदा टकटक करते आणि मगच निघते, खेकडा लागला तर दोरा नुसता जड होतो. हे सगळं ती आम्हाला भात कालवताना सांगायची.

"माझ्या बोटांची परीक्षा तू घेतलीस," फुटपाथवरच ती म्हणाली. "आता मी घेते. इथला मासा मी माझ्या बोटावर ओळखून काढला, तर मी माझ्या घरी जाणार. नाही निघाला, तर तू म्हणशील तिथे. मग त्यावर चकार शब्द काढणार नाही."

"आई, पैजा कसल्या लावतेस?"

"का? हरशील म्हणून?"

मी हो म्हटलं. आज कबूल करतो, मोठ्या मनाने वगैरे नाही म्हटलं. ती हरणार ह्याची मला खात्री होती म्हणून म्हटलं. धाग्याचा रिपोर्ट माझ्या खिशात होता.

सप्टेंबरच्या एका शनिवारी मोटरवेने दीड तास उत्तरेला गेलो. डोंगरांच्या कुशीत एक लांबट तळं, काठाला ब्रॅकनची नेची तांबूस होत आलेली, आणि अंधार पडायच्या आत लाकडी धक्क्यावर होडी पुसत बसलेला आमचा वाटाड्या. एका शाळेत केअरटेकर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला, रुंद खांद्यांचा, मितभाषी माणूस. त्याने आईला हात देऊन बोटीत घेतलं, गुडघ्यावर ब्लँकेट घातलं. आईने पिशवीतून काय काढावं? लाकडाच्या ठोकळीला गुंडाळलेली तिची गरी! रत्नागिरीहून इथपर्यंत, साड्यांच्या घडीतून. म्हणजे ही बाई सहा महिन्यांसाठी मुलाकडे येताना मासे धरायची तयारी ठेवून आली होती.

त्याने ती ठोकळी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, गाठीवरून अंगठा फिरवला. "ब्यूटिफुल जॉब," तो मला म्हणाला. "पण हे चालणार नाही, डॉक. हातदोऱ्याला इथे बंदी आहे. रॉडच पाहिजे." मी भाषांतर केलं. आईने त्याच्याकडे पाहिलं, मग रॉडकडे. "रॉड तर रॉड. पण दोरा मी बोटावरच घेणार, सांग त्याला." मी सांगितलं तसा तो हसला. रॉडला मासा लागला की पिपाणीसारखं वाजणारं एक यंत्र त्याने बसवलं होतं, ते त्याने काढून खोक्यात टाकलं. "हल्लीची मंडळी ह्याच्या भरवशावर झोपा काढतात," तो म्हणाला. "तुमची मम जुन्या पद्धतीची आहे."

ज्याच्यासाठी आलो होतो त्या माशाचं नाव झँडर. तोही इथला नव्हे. कुणीतरी कधीतरी दुसरीकडून आणून सोडलेला, त्यामुळे पकडला की पुन्हा पाण्यात टाकायचा नाही, असा त्या तळ्याच्या मालकांचा नियम. अंधारात शिकार करतो आणि अतिशय संशयी. आमिष तोंडात घेतल्यावर जराशी ओढ जाणवली की थुंकून देतो. "हाताला कळलं त्या क्षणी झटका द्यायचा," तो म्हणाला. "उशीर झाला की संपलं." हे भाषांतर मी जरा जास्तच चोख केलं असावं. मी पुढे केलेले लोकरीचे हातमोजे आईने कोटाच्या खिशात कोंबले. "बोटं झाकली तर कळणार कसं?"

मग अंधार झाला. नांगर टाकलेली बोट मंद डुलत होती. पलीकडच्या काठावर एका शेतघराचा दिवा, बाकी सगळं काळं, आणि पाण्याचा तो थंड, शेवाळलेला वास. खाडीचा वास खारट असतो, भरलेला असतो. हा वास उपाशी वाटायचा. आई रॉड मांडीवर घेऊन, जखमेचा डाग असलेल्या त्याच तर्जनीवर दोरा धरून बसली होती. इतकं ताठ बसलेलं मी तिला बाबांच्या निवृत्तीच्या समारंभानंतर पाहिलं नव्हतं.

तासाभराने रॉडचं टोक थरथरलं. आकाशाच्या उरल्यासुरल्या उजेडात मला ते स्पष्ट दिसलं. पुन्हा थरथरलं, वाकलं. आईचं बोट हललं नाही. ती पाण्याकडे एकटक बघत होती, सगळं लक्ष त्या बोटात ओतून, आणि तिला काही कळत नव्हतं. वाटाड्याने माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द उच्चारला असता तर पुरलं असतं. मी गप्प राहिलो. टोक सरळ झालं, मासा गेला. मी पैज जिंकत होतो आणि मला माझीच इतकी लाज वाटली की आजही ती रात्र आठवली की पहिली तीच आठवते.

थोड्या वेळाने वाटाड्याने दोरा गुंडाळून आमिष पाहायला सांगितलं. टॉर्चच्या उजेडात गळाला लटकलेलं कुरतडलेलं कातडं दिसलं. आईने ते बराच वेळ पाहिलं. कधी लागला, कुणी पाहिलं का, काहीच विचारलं नाही. फक्त म्हणाली, "नवीन लाव म्हणावं. आणि माझी शाल दे. टॉर्च विझवा."

शाल तिने डोक्यावरून ओढून घेतली आणि पुढे वाकली, जवळजवळ रॉडवर ओणवी. मला वाटलं, थकली, थंडीने गारठली. "आई, जायचं का परत?" मी विचारलं. शालीच्या आतून फक्त नकाराचा हुंकार आला. तोंड उघडून ती बोलली नाही ह्याचंही मला तेव्हा काही वाटलं नाही. असा किती वेळ गेला कोण जाणे. वाटाड्याने चहा ओतला, माझा पिऊन झाला, तिचा तसाच निवला.

आणि एकाएकी शाल मागे पडली, आईने दोन्ही हातांनी रॉड उंच खेचला आणि तो असा वाकला की बोट कलली. "दोनदा टकटक!" ती ओरडली. "तांबोशीसारखी! दोनदा!" वाटाड्या उठला, तिला नुसतं "स्लोली, लव्ह, स्लोली" म्हणत राहिला, हात मात्र लावला नाही. तिला भाषांतर लागलं नाही. ती ढील देत होती, घेत होती, दात-ओठ खात होती. शेवटी जाळीत लांब, काटेरी पाठीचा मासा आला आणि टॉर्च लागली. त्याचे डोळे काचेच्या गोट्यांसारखे पांढरे लकाकले. "अंधारात बघणारा आहे हो हा," आई धापा टाकत म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या दोन्ही हातांत लोकरीचे हातमोजे होते. आणि खालच्या ओठावर, आडवी, केसाएवढी बारीक लाल रेघ उमटली होती.

वाटाड्यालाही ती दिसली. त्याने टॉर्च हळूच खाली वळवली, मासा ओल्या फडक्यात गुंडाळला आणि मला म्हणाला, "तुमच्या ममला मासा कळतो." हात चांगले आहेत, असं तो म्हणाला नाही.

परतीच्या वाटेवर मासा मागच्या सीटखाली होता. मी डॉक्टर असल्यामुळे ओठांत धरलेल्या त्या ओल्या दोऱ्यावरच्या जंतूंचा विचार करत होतो, आणि मुलगा असल्यामुळे तो विचार मला टिकवता येत नव्हता. मोटरवेला लागल्यावर आईच म्हणाली, "तू पाहिलंस."

"हो."

"पैज बोटाची होती. मी हरले. बोटाला काही कळत नाही रे. दोन वर्षं झाली."

"मग त्या दिवशी टेबलापाशी हो का म्हणालीस?"

"तुझं तोंड बघवेना. डोळे किलकिले करून बघत होते मी." ती जराशी हसली आणि मग गंभीर झाली. "बोटं गेली हे मला तुझ्या आधी माहीत होतं. म्हणून मी काय विहिरीत पडले? तुला अंघोळ घालायचे तेव्हा पाण्यात बोट घालून बघत नसे मी. कोपर बुडवायचे. कुठलीही आई कोपरच बुडवते. हात कामाचे, राठ झालेले. कोपराला नेमकं कळतं. मला एवढं कळतं की काय गेलंय आणि काय राहिलंय. तुझ्या घरात तवा परका होता, चुकले. माझ्या घरात नाही चुकायची." मग म्हणाली, "तरी हरले ते हरले. ठाण्याला जाईन."

मी मोटरवेवरच्या पुढच्या विसाव्याच्या थांब्याला गाडी थांबवली, कारण मला रस्ता नीट दिसत नव्हता. मग म्हटलं, "रत्नागिरीलाच जा."

ती त्यानंतर आठ वर्षं त्या घरात राहिली. सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. दोनदा भाजली, एकदा विळीवर बोट कापलं, आणि प्रत्येक वेळी स्वतः फोन करून मला रागावायची संधी दिली. भाऊ वर्षभर माझ्याशी धड बोलत नव्हता. रात्री-अपरात्री फोन वाजला की पहिल्या घंटीलाच मी उठून बसायचो. पण सुट्टीत गेलो की दिसायचं: चुलीपाशी लांब दांड्याचा चिमटा, विळीची जागा उजेडात खिडकीखाली, पायांत घरातही चपला, आणि अंघोळीच्या बादलीवर वाकून पाण्यात कोपर बुडवणारी आई. शेवटी ती तिथेच गेली, तिच्या खाटेवर, खाडीकडच्या दाराशी.

समोरच्या बाई अजून डोळे मिटून बसल्या होत्या. मी धागा खाली ठेवला. कागदावर जे लिहायचं ते लिहावं लागणारच होतं, पण आधी खुर्ची जवळ ओढली आणि त्यांना विचारलं, की पायांना कळत नाही तर घरी कसं करता? त्यांनी डोळे उघडले. पकडल्या गेल्यासारख्या आधी लाजल्या, आणि मग सांगू लागल्या: रात्री आरसा जमिनीवर ठेवून त्या तळवे बघतात, बूट घालण्याआधी उपडे करून झटकतात, हे नवऱ्यालाही माहीत नाही. बाहेर चार रुग्ण खोळंबले होते. मी त्यांचं सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

त्या गेल्यावर पाकिटातला एक कोरा धागा काढला, आणि दाराकडे पाठ करून खालच्या ओठाला टेकवला. तो वाकायच्या आतच मला कळला.