चुप चालणाऱ्या मोटरी

नंदाआत्याला एका जागी बसता येत नसे. वरणाला फोडणी देता देता ती पंख्याचा रेग्युलेटर उघडायची, आणि मग जळका वास नेमका कशाचा यावर आमच्या घरात वाद व्हायचा. उत्तरेकडच्या आमच्या शहरात, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या मुलींच्या शाळेत ती विज्ञान शिकवत असे. गल्लीतल्या गणेशोत्सवाचा हलता देखावाही तिचाच. आजोबा उठता बसता म्हणत, "नंदा, जरा शांत बस." तिला इंजिनीअर व्हायचं होतं, आजोबांनी बीएस्सीला घातलं आणि विषय संपला. म्हणजे आजोबांच्या मते संपला.

नव्व्याण्णव साली माझ्या इंजिनीअरिंग कॉलेजात यंत्रांची झुंज ठरली. तीन किलोच्या आतली, वायरवर चालणारी दोन यंत्रं लाकडी रिंगणात एकमेकांना ढकलणार. बॅटरी बाहेर ठेवायची, तिचं वजन धरणार नव्हते. घरच्यांची मदत चालत होती. मी हे आत्याला सांगितलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

"देवश्री, बक्षीस गेलं उडत," ती म्हणाली. "तुमच्या कॉलेजातल्या पोरांचं यंत्र एकदा तरी बाहेर ढकललेलं मला बघायचंय."

सगळं अडलं मोटरींवर. टेपरेकॉर्डरची मोटर हलकी, पण यंत्र जागचं हलेना. अ‍ॅम्बॅसेडरच्या वायपरची ताकदवान, पण दोन बसवल्या की वजनात दुसऱ्या कशाला जागाच उरेना. शेवटी रामनगरच्या कबाडीकडे भंगारात जुन्या झेरॉक्स मशीनमधल्या छोट्या गिअरच्या मोटरी मिळाल्या. दोन जोड्या होत्या. एक जोडी कर्कश, लगेच तापणारी, पण जोराची. दुसरी संथ.

आत्याची परीक्षा ठरलेली. देखाव्याची मोटर पडद्यामागे उत्सवभर फिरली पाहिजे आणि कीर्तनात तिचा आवाज येता कामा नये. म्हणून मोटर लावून द्यायची, अथर्वशीर्षाची आवर्तनं करायची आणि शेवटी तिच्यावर हात ठेवून पाहायचं. कर्कश जोडी दुसऱ्याच आवर्तनाला चटका देऊ लागली. संथ जोडी शेवटपर्यंत गार.

"ही बघ, एकदम चुप चालते," आत्या म्हणाली. मलाही पटलं, आम्ही तीच जोडी बसवली. आमच्या घरात चांगल्या वस्तूची आणि चांगल्या बाईची कसोटी तीच होती.

झुंजीच्या दिवशी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आमच्या समोर हॉस्टेलच्या मुलांचं पत्र्याचं यंत्र आलं, नाव 'सांड'. तीन डाव, दोन जिंकेल तो पुढे. पहिल्या डावात आमचं यंत्र अब्रूने पुढे गेलं आणि सांडाने ते ढकलत ढकलत रिंगणाबाहेर नेऊन ठेवलं. एक मुलगा हसत म्हणाला, "आंटी, आपका वाला तो पूजा करने निकला है."

आत्याचा चेहरा पडला. मला त्या मुलाचा भयंकर राग आला. आत्या मात्र सांडाकडे बघत राहिली. त्याच्या मोटरी भट्टीसारख्या तापल्या होत्या आणि मुलं त्यांना वहीने वारा घालत होती.

"त्यांच्या जळाल्या तरी चालतंय ग त्यांना," ती हळूच म्हणाली. "दोन मिनिटांचं तर काम. मला जन्मभर सगळ्यांनी शांत बस म्हटलं, आणि मी मोटर निवडायला बसले तर मीही तिला तेच म्हटलं."

तिने खाली वाकून राखीव ठेवलेली दुसरी बॅटरी पहिलीला जोडली. विजेचा दुप्पट दाब.

"जळतील आत्या. तिसरा डाव खेळताच येणार नाही."

"तिसरा कोणी बघितलाय. तू पकड वायर."

दुसऱ्या डावात आमच्या चुप मोटरी किंचाळल्या. यंत्र सुटलं ते थेट सांडाच्या पोटाखाली. धूर निघाला, वास सुटला, पंच "बंद करो" म्हणू लागले. आत्याने बटण सोडलं नाही. सांड काठावर अडला, तिरका झाला आणि धाडकन रिंगणाबाहेर पडला.

तिसरा डाव आम्ही सोडून दिला. मुलं पुढच्या फेरीत गेली, आमच्या मोटरींचा कोळसा झाला. आत्या रिंगणाशी उभी होती. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंही नाही. त्या वर्कशॉपकडे, तिथल्या लोखंड कातणाऱ्या लेथकडे, मुलांच्या काळ्या हातांकडे ती पाहत होती.

"मला इथे यायचं होतं ग," ती म्हणाली. "कोणी विचारलंच नाही."