सत्तेचाळीसावं पान

गेल्या महिन्यात आमच्याकडे आलं ते असं... टाईप होऊन आलेली माझ्या पुस्तकाची एकशे बारा पानं, रिक्षाने, भाडं साठ रुपये. दोन लाल पेनं, वीस रुपये. पानं बांधायला दोरा घरचाच.

पुस्तक म्हणजे फार मोठं काही नाही. शिरोळकडे, कृष्णेच्या काठाला गेलेलं आम्हा दोघी बहिणींचं लहानपण... मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई, जसं आठवलं तसं लिहिलं. छापखानेवाले म्हणाले, "काकू, छापायच्या आधी एकदा कडक नजरेने तपासा. नको ते काढा, चुकलंय ते सुधारा."

मी नेम धरला. सकाळी अंघोळ, अंबाबाईपुढे दिवा, आणि मग पाटावर बसून रोज एक प्रकरण. एक दिवस खाडा केला नाही.

वाचता वाचता डोळ्यांपुढे नदी यायची. घाटाच्या ओल्या पायऱ्या, पलीकडच्या काठावरचं धुकं, पाण्यात सोडलेले आमचे चार पाय... उदबत्ती विझून जायची तरी मी आपली तिकडेच.

पंधरा दिवसांनी ह्यांनी लाल पेन उचलून उजेडात धरलं. "शाई हाय तशीच हाय की. तपासलंस का पारायण केलंस?"

खोटं कसं म्हणू... सगळा जन्म पोथी वाचण्यात गेलेला. छापल्यासारख्या अक्षरावर रेघ मारायला हात धजलाच नव्हता. पहिल्याच पानावर एक ओळ दोनदा आली होती, ती मी दोनदा भक्तीने वाचली होती. आणि शेवटच्या पानावर तर चक्क फूल वाहिलं होतं.

मग शेजारच्या जमीलाभाभींकडे गेले. त्या घरीच साड्यांना पिको-फॉल करतात. त्यांची शाळा उर्दूची, मराठी वाचत नाहीत, पण ऐकायची भारी हौस. "रोज साडेतीनला या वहिनी," म्हणाल्या. "आला न्हाईसा तर वडत नेणार."

असं ठरलं की मी मोठ्याने वाचायचं, त्यांनी मशीन चालवायचं, अजान झाली की दोघींनी उठायचं. चार दिवसांतच मला एक कळलं. वाचन रंगलं की भाभींचा पाय आपोआप थांबतो, कंटाळवाणं झालं की मशीन धडाधडा पळतं. मशीन पळालं की मी तिथे लाल रेघ मारायची. अशी अकरा पानं उडाली.

एकदा पापडाचं निमित्त काढून गेले नाही. चारला भाभी दारात, गळ्यात टेप तसाच. "पापड काय पळून जात्यात व्हय?" निमूट पानं उचलली आणि मागोमाग गेले.

ते दिवस कसे गेले सांगता येत नाही. दुपारचं पिवळं ऊन, मांडीवर सांडलेले साड्यांचे रंग, मशीनची लय... मधेच वाटायचं, खिडकीखाली रस्ता नाहीच, नदीच वाहतेय.

मग सत्तेचाळीसावं पान आलं. तिथे मी लिहिलं होतं, 'आक्काला शाळेची गोडी नव्हती, म्हणून सातवीतून तिची शाळा सुटली.' मशीन थांबलं. मला वाटलं, रंगलंय.

भाभी दोरा दातांनी तोडत म्हणाल्या, "थांबा वो वहिनी. परवाच्या पाठात तुमची आक्का वरच्या वर्गाची पुस्तकं मागून आणून वाचत हुती. आज म्हंतासा गोडी न्हवती. दोन्हीतलं एक खोटं हाय की."

मी पानं गोळा केली. अजान व्हायला वेळ होता, तरी उठले.

खरं असं होतं... आक्का एकदा, एकदाच, शाळा बुडवून घाटावर गोष्टीचं पुस्तक वाचत बसली होती. मी नऊ वर्षांची. मला सोबत नेलं नाही म्हणून रागाने बाबांना सांगितलं, आक्का रोज शाळा बुडवते. आठवड्याच्या आत तिचं दप्तर माळ्यावर गेलं. पुढे मी मॅट्रिक झाले, आणि ती सतराव्या वर्षी गडहिंग्लजला नांदायला गेली. बाबांना कुणी सांगितलं हे तिला आजवर माहीत नव्हतं.

लाल पेनाने ती ओळ खोडली. जे घडलं ते वर लिहिलं. या वेळी रेघ सरळ आली.

एकटीने तपासलं असतं तर ती ओळ तशीच छापून गेली असती. आपलं खोटं आपल्याला वाचताना खरंच वाटतं... शेजारी कुणीतरी ऐकणारं लागतं. भाभी, तुमचे उपकार आहेत.

ते पान मी आधी आक्काला पोस्टाने पाठवलं. परवा तिच्या सुनेचा फोन आला. "मावशी, आईंनी दोनदा वाचलं. घडी घालून उशाखाली ठेवलंय."

आक्काला गोडी नाही असं तेव्हा अख्ख्या गावाला सांगितलं गेलं होतं. म्हणून खरं काय तेही आज चारचौघांत सांगतेय.

आक्का, सून हे आणून दाखवेल तुला. फोन करू नकोस, फोनवर तू "असू दे गं" म्हणून मोकळी होशील. त्या पानाच्या पाकिटातच माझा पत्ता घालून कोरं कार्ड ठेवलंय. छापखान्याला थांबायला सांगितलंय मी. हे पान पुस्तकात राहू दे का नको, ते तूच ठरव... आणि तुझ्या हाताने लिहून उलट टपाली कळव.