दंडावरचं नाणं

किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आलं होतं आणि तेवढ्यात प्लेगची दहशत पसरली. मी लातूरला कॉलेज आणि ट्यूशन करायची. सुट्टी संपवून नांदेडहून एसटीनं परत निघाले, तेव्हा अम्मीनं आमच्या रिवाजाप्रमाणे दंडाला इमाम जामिन बांधला. म्हणजे कापडात गुंडाळलेलं नाणं. प्रवास सुखरूप व्हावा म्हणून. मैत्रिणी हसतील या भीतीनं मी तो बाहीच्या आत, पार काखेपर्यंत सरकवला.

शेजारी किल्लारीची एक बाई बसली होती, मांडीवर लेकरू. तिनं मला भाजलेल्या शेंगा दिल्या. म्हणाली, "ढिगाऱ्यातून निघालेली बाई मी. आता कशाचं भ्या न्हाई."

अहमदपूरच्या अलीकडे तपासणीसाठी बस अडवली. तोंडाला फडकं बांधलेली नर्स प्लेगची गाठ शोधायला एकेका बाईच्या काखा चाचपत आली. माझ्यापाशी तिचा हात थबकला.

"गाठ हाय!" ती ओरडली.

सगळी बस दाराशी चेंगरली. कुणीतरी "खाली उतरवा तिला" म्हणालं. मी बाहीत हात घालून कापड ओढलं, नाणं काढलं आणि सगळ्यांसमोर नाचवलं. "गाठ न्हाई, पैसा हाय हा! बघा की डोळे फाडून!"

नर्सनं पुन्हा तपासलं आणि ओशाळून हसली. लोक जागेवर बसले, बस निघाली.

"बसा की," मी दाराशीच उभ्या राहिलेल्या किल्लारीच्या बाईला म्हटलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. शेंगांची टरफलं माझ्या ओढणीत तशीच होती. लातूर येईपर्यंत ती लेकरू कडेवर घेऊन उभी होती.