नवरदेवाच्या आधी बँड

आमच्यात लग्न ठरलं की आधी बँडवाल्याची तारीख घेतात आणि मग भटजींना विचारतात, त्या दिवशी मुहूर्त निघतो का. भटजीही शहाणे, काढून देतात. बाहेरच्या माणसाला ही थट्टा वाटते, पण खानदेशातून सुरतेत आलेल्या कुठल्याही घरात विचारून बघा. नवरदेव काय करतो हे पाहुण्यांना उशिरा कळतं, बँड कोणाचा ते आधी कळतं.

पांडेसऱ्यातल्या आमच्या गल्लीत दोन पक्ष आहेत आणि त्यांचा निवडणुकीशी काही संबंध नाही. तिकडे गावाकडे तापीच्या अलीकडे एक बँड आहे, पलीकडे दुसरा. आमचे आबा अलीकडच्या बँडचे. समोरच्या घरातले काका पलीकडच्याचे. दोघं एकाच मिलमध्ये, एकाच पाळीत कापड रंगवतात, डबाही एकत्र खातात, पण बँडचा विषय निघाला की एकमेकांची अक्कल काढतात. काकांचं म्हणणं, आबांचा बँड म्हातारा झालाय, लोकांना नाचवत नाही. आबांचं म्हणणं, पलीकडचे लोक फक्त बँडची गाडी सजवतात. नुसते लाइट आणि धूर. त्यांचा बेंजोवाला हात जोरात चालवतो म्हणून लोक खूश होतात, पण जोरात तर शिलाई मशीनही चालतं.

मी आबांची मुलगी, त्यामुळे मत मलाही आहेच. मी एका ऑफिसात कॉम्प्युटरवर साड्यांच्या प्रिंटची डिझाइनं करते आणि दिवसभर कानात गाणी असतात. हिंदी, गुजराती, गिटार घेऊन उदास गाणाऱ्या मुलांचे बँड, सगळं ऐकते. माझ्या ऑफिसातल्या मुलींना वाटतं बँड म्हणजे फक्त ती गिटारवाली मुलं. त्यांना मी एकदा आबांच्या अलीकडच्या बँडचा व्हिडिओ दाखवला. गाडीवर उभी राहून गाणारी त्यांची बाई आणि तिच्या मागे रस्ताभर नाचणारी माणसं. त्या हसल्या, आणि मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही. त्या बाईसारखा आवाज लावणारं दुसरं कोणी नाही, हे मी आजही कोणाशीही भांडून सांगेन.

आबांशी माझा एकच वाद होता, अल्बमचा. बँडनं स्टुडिओत रेकॉर्ड करून एक अहिराणी अल्बम काढला होता आणि मला तो फार आवडला होता. आबांनी तो एकदा ऐकला आणि फोन माझ्या हातात परत दिला. म्हणाले, हा फिनिश होऊन आलेला कपडा आहे, हात फिरवला की गुळगुळीत लागतो, पण सूत कुठलं ते कळत नाही. त्यांना कोणाच्या तरी लग्नात, गर्दीत, मोबाइलवर घेतलेलं रेकॉर्डिंगच हवं असायचं. त्यात मधेच कुत्रं भुंकतं, कोणीतरी 'पाणी द्या' म्हणून ओरडतं. आबांना तेही पाठ होतं.

तर हे आबा मागच्या हिवाळ्यात नंदुरबारकडे एका लग्नाला गेले आणि परत आले ते चेहरा उजळून. अलीकडच्या बँडची पुढच्या उन्हाळ्यातली एक तारीख मोकळी झाली होती. ऐन लगनसराईतली तारीख, पुन्हा कोण देणार. आजूबाजूला लोक टपलेले, म्हणून आबांनी तिथल्या तिथे सुपारी दिली होती. नवरदेवाकडचा बँड नवरदेव आणतो, पण हळदीचा बँड ही मुलीच्या बापाची हौस, आणि ती हौस आबांनी आयुष्यभर जपून ठेवली होती.

आईनं शांतपणे विचारलं, की ठीक आहे, पण नवरदेव कुठे आहे.

आबा म्हणाले, "नवरदेव काय, सापडी जाई."

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं आई पुटपुटली. मी हसून हसून पलंगावर आडवी झाले. आमच्याकडे वरातीमागून घोडं नव्हतं, घोड्याच्या आधीच वरात ठरली होती. मला तेव्हा सगळी गंमतच वाटली.

पण तारीख ही वाईट गोष्ट असते. ती ठरली की घरातले सगळे तिच्याकडे चालायला लागतात. आत्या लिंबायतहून दर रविवारी एक फोटो घेऊन यायला लागली. संक्रांत गेली, होळी आली, आणि माझ्या कपाळावर जणू तारीख लिहिली आहे अशा नजरेनं लोक माझ्याकडे बघायला लागले. मग मात्र मला घाबरायला झालं. बँड मला हवा होता. त्या बाईला आमच्या दारात गाताना ऐकायचं, हे माझंही स्वप्न होतं. पण त्यासाठी कोणाच्या तरी घरी कायमचं राहायला जायचं, हा सौदा काही केल्या पटेना.

शेवटी एक स्थळ आलं. मुलगा पलसाण्याच्या एका कापड रंगवायच्या प्रोसेस हाऊसमध्ये सुपरवायझर, घर उधन्यात, मूळ शिरपूरकडचे. चहा झाल्यावर आबांनी पगार-बिगार काही विचारलं नाही. विचारलं, बँड कोणता. मुलगा म्हणाला, तुमचाच, तापीच्या अलीकडचा, आणि त्यांची जुनी गाणी, आत्ताची नाहीत. आबांनी आईकडे असं बघितलं की आईनं तिथेच साखर वाटायला घेतली असती. मग आम्हा दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं. तिथेही आम्ही बराच वेळ बँडवरच बोललो. त्याला ती गाणारी बाई आवडायची. त्याला तो अल्बमही आवडायचा. मला वाटलं, चला, जमलं. आवड जुळली की माणूस जुळला, असं आबांना वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा वेळ मलाही वाटलं.

मग मी माझ्या कामाबद्दल सांगायला लागले. माझं डिझाइन पहिल्यांदाच एका मोठ्या ऑर्डरला लागलं होतं. त्यानं मन लावून ऐकलं आणि अगदी चांगुलपणानं म्हणाला, की लग्नानंतर ऑफिसला जायची गरज नाही, घरी बसून हौस म्हणून करता येईल. त्याच्या आईला सोबत हवी होती. माणूस वाईट नव्हता. पण तो 'हौस' शब्द मला खाली जिना उतरेपर्यंत टोचत राहिला.

त्यांचा होकार दुसऱ्या दिवशी आला. रविवारी सकाळी आबा खाटेवर बसून फोनवर आपलं ते कुत्र्याचं रेकॉर्डिंग बघत होते. मी समोर बसले आणि सांगितलं, मला हे स्थळ नको. कारणही सांगितलं. तारीख डोक्यात होतीच, म्हणून शेवटी म्हटलं, बँडचं काय करायचं ते तुम्ही बघा, मला फार वाईट वाटतंय. आणि रडायला लागले.

आबांनी गाणं थांबवलं. मधेच थांबवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "पोरगा चांगला शे. पन तुले नही जोयजे ना? मंग खतम."

उधन्याला त्यांनी स्वतःच फोन केला. आई आणि आत्यानं मात्र बाहेर सांगायला वेगळं कारण ठरवलं, की पत्रिका जुळली नाही. मुलीनंच नाही म्हटलं असं लोकांना कळलं तर पुढे कोण येणार, असा आत्याचा हिशेब. आबांनीही मान डोलावली. मला ते लागलं. मी काही चोरी केली नव्हती, पण गल्लीत दोन-तीनदा तोंड खाली घालून पत्रिकेची गोष्ट सांगितली. दर वेळी ती जास्त खोटी वाटली.

राहिली तारीख. समोरच्या काकांच्या मुलीचं लग्न त्याच आठवड्यात होतं आणि पलीकडच्या बँडनं त्यांना तारीख दिली नव्हती. बिचारे डीजेवर समाधान मानून बसले होते. एक दिवस आबा डबा खाताना त्यांना म्हणाले, की माझी तारीख तुम्ही घ्या, हळद त्या दिवशी ठेवा. काकांना आधी राग आला. माझ्या मुलीच्या हळदीला तुमचा म्हातारा बँड, असं म्हणून ते उठून गेले. पण घरी काकूंनी काय सुनावलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी स्वतः सुपारी घेऊन आमच्या दारात आले. आबांनी तीच सुपारी फोडून अर्धी त्यांच्या तोंडात घातली. दोघांनाही हसू आवरेना.

हळदीच्या संध्याकाळी बँडची गाडी गल्लीत शिरली तेव्हा बायकांनी पोळपाट-लाटणी टाकून दारं गाठली. ती बाई खरोखरच गाडीवर उभी होती. वाटलं होतं त्यापेक्षा बुटकी आणि आवाज वाटला होता त्याहून मोठा. मी अंगभर शहारले. माझी हळद नव्हती याचं मला तेव्हा कणभरही दुःख झालं नाही, आणि त्याचाच मला आनंद झाला. मी काकांच्या मुलीच्या जवळ उभी होते. आबा मात्र गाडीला चिकटून, बेंजोवाल्याच्या बोटांकडे बघत. काका तर सगळ्यांच्या पुढे नाचत होते. म्हातारा बँड लोकांना नाचवत नाही, याची त्यांना आठवण करून द्यायला मी जाणार होते.

तेवढ्यात फर्माईशी सुरू झाल्या. ज्याला हवं त्यानं गाणं सांगायचं आणि माइकवरचा माणूस ते कोणाकडून आणि कशासाठी हे पुकारतो. नवरीच्या मामांकडून, नवरीच्या भावांकडून, अशी रीत. आबांनी त्याला वाकायला लावून कानात काहीतरी सांगितलं. तो सरळ झाला, पुन्हा वाकला, आणि माइक चालूच असल्यामुळे सगळ्या गल्लीनं ऐकलं, "असंच बोलू का?"

आबा म्हणाले, "मी सांगं तसंच बोल."

आणि तो बोलला. ही फर्माईश आबांकडून, त्यांच्या मुलीसाठी. तिच्यासाठी चांगलं स्थळ आलं होतं. पत्रिका बरोबर होती. मुलीनंच नाही म्हटलं, आणि बापाला तिचं म्हणणं पटलं आहे.

आत्यानं तोंडावर हात ठेवला. आईनं आधी आत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मला पुढे ढकललं. बेंजो सुरू झाला होता. मी चपला तिथेच काढल्या आणि आबांच्या समोर जाऊन नाचायला लागले.

माझं लग्न अजून ठरलेलं नाही. पण वाजतगाजत नाही म्हटलेली आमच्या गल्लीत मी एकटीच.