माझा बसलेला घसा आणि पोरीची सोयरीक

माझ्या मते जगात दोनच प्रकारची माणसं असतात: बोलणारी, आणि मनात काहीतरी काळंबेरं असणारी.

मी अर्थातच पहिल्या प्रकारातला. बोरगाव मेघे गावात माझं किराणा दुकान आहे. पावभर साखरेला आलेलं गिऱ्हाईक माझ्याकडून पावभर साखर, हवापाणी आणि आजूबाजूच्या घरांच्या खबरा घेऊन जातं. (पैसे फक्त साखरेचे लावतो!) पण नशीब पाहा, घरातल्या दोघी दुसऱ्या प्रकारच्या निघाल्या. बायको सुनंदा विचारल्याशिवाय बोलत नाही आणि पोरगी मयुरी विचारल्यावरही बोलत नाही.

तर मयुरीला आंजी गावचं स्थळ आलं. भाजीपाल्याची शेती, मुलगा प्रफुल तिच्याच कॉलेजातला. मी विचारलं तर पोरगी चक्क "हो" म्हणाली! एवढं भाषण तिनं दहावी पास झाली तेव्हाही केलं नव्हतं. जीव जडलाय, हे मी लगेच ओळखलं. पण चौकशी केली तर ते घरही अख्खं घुम्यांचं.

"दोन मुके एका घरात!" मी सुनंदाला म्हटलं. "भाजीत मीठ कमी हाय, हे कोन कोनाले सांगन?"

"ज्याले कमी लागन, तो टाकन," ती म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.

मग मी ठरवलं, बैठक आपणच गाजवायची. रविवारी पाहुणे येणार होते. नेमका शनिवारी जवळच्या गावात शंकरपट निघाला. शंकरपटात बैलजोड्या धावतात आणि माईकवर मी धावतो! दिवसभर "आली आली आली, जोडी आली!" केलं. रविवारी सकाळी उठून सुनंदाला हाक मारली, तर तोंडातून नुसती हवा आली.

डॉक्टर म्हणाले, "एक शब्द काढाचा नाई." सुनंदाचा चेहरा असा काही खुलला की लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला! मी कागदावर लिहून दिलं, 'पाहुण्यांना सांगजो, घसा बसला.' तिनं मान हलवली.

पाहुणे आले. प्रफुल, त्याची आई आणि त्याचे बाबा. बसले. पंखा फिरला. पोहे आले. नंतर पोहे चावल्याचा आवाज आला. मी सुनंदाला डोळ्यांनी खुणावलं, 'सांग ना!' पण ती विचारल्याशिवाय बोलणारी, आणि पाहुणे न विचारणारे! मी स्वतःच गळ्यावर बोट ठेवून खूण केली. प्रफुलच्या आईनं लगेच पाण्याचा गिलास पुढे केला. मी हात हलवून 'पाणी नको, घसा, घसा' केलं, तर तिनं आपल्या बशीतले पोहे माझ्या बशीत टाकले. मी मुकाट खाऊ लागलो.

शेवटी ती माउलीच बोलली, "भाऊ, खरं सांगू? आमाले भेवच होतं. लोक म्हनत, पोरीचा बाप लय बडबड्या हाय, डोक्स खाते. तुमी तर किती विचारी मानूस! लोकाईचं काई ऐकू नाई. आमाले तर घर पसंत पडलं."

झालं! तोंड उघडत नव्हतं म्हणून सोयरीक जुळत होती. मी मनाशी हिशेब केला: आज गप्प राहिलो तर जुळते, पण लग्नापर्यंत आणि त्यापुढं जन्मभर गप्प कोण राहणार? मी? तरी पोरीकडे पाहून मी विचारी चेहरा तसाच धरून ठेवला.

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली मयुरी म्हणाली, "थांबा."

सगळ्यांनी वर पाहिलं. मी तर पोहेच गिळायला विसरलो.

"बाबाचा घसा बसला हाय. शंकरपटात वरडले म्हनून. एरवी ते दिवसभर बोलतेत. लहानपनी लाईन गेली का मले लय भेव वाटे. बाबा अंधारात काईबाई बोलत राहे, म्हनून ते कुठं हायेत हे मले समजे. आमच्या घरी मी बोलत नाई, कारन मले कधी एकटं वाटलंच नाई. पसंत कराचं असन तर या बापासकट करा."

सुनंदानं पदर डोळ्याला लावला. आणि मला, ज्याला मयतीतही दोन शब्द बोलावं वाटतं त्याला, आयुष्यात खरोखर काही बोलायचं होतं तेव्हा एक अक्षर फुटेना! ढसाढसा रडलो, तेही बिनआवाजाचं.

प्रफुलच्या बाबांनी बशी खाली ठेवली. ते आल्यापासून पहिल्यांदाच बोलले, "बराबर हाय."

काय बराबर? पोरीचं? की लोकांचं? आम्ही सगळे प्रफुलकडे पाहू लागलो.

"म्हनजे पसंत हाय," प्रफुल म्हणाला आणि लाजून चहात पाहू लागला.

लग्नाला आता वर्ष झालं. अबोल माणसांबद्दलचं माझं मत पार बदललंय. माझे व्याही तर देवमाणूस! दर रविवारी मी फोन करतो, मन भरून बोलतो, आणि ते मधेच एकदाही तोडत नाहीत. शेवटी "बराबर हाय" म्हणतात. इतकं मन लावून ऐकणारा माणूस मला जन्मात मिळाला नव्हता.

मागच्या रविवारी असाच रंगात आलो होतो, तर फोनवर विहीणबाईंचा आवाज आला, "भाऊ, हे वांग्याले पानी द्याले गेले. दर रविवारी जातेत. फोन टोपल्यातल्या वांग्यावर ठेवून राह्यते. परत आले का उचलून 'बराबर हाय' म्हनतेत. पन तुमी थांबू नका, बोला!"

मी थांबलो नाही. विषय अर्ध्यात आला होता, आणि त्या वांग्यांनी तरी काय वाईट केलं होतं!