मुकादमांनी वाढवलेला काटा

मुकादम नगरपालिकेच्या उद्यान खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, "या गृहस्थांनी गावातला रानकाटा समूळ संपवला." टाळ्या पडल्या. साहेबांचं म्हणणं जवळजवळ खरं होतं. पुढचा सगळा घोळ त्या 'जवळजवळ'मुळे झाला.

जांभळ्या फुलाचा हा रानकाटा पूर्वी कुठेही उगवायचा. रस्त्याकडेला, खेळाच्या मैदानात, शाळेच्या कुंपणाशी. पोरांच्या पोटऱ्या ओरबाडल्या जायच्या, आया तक्रार घेऊन यायच्या, आणि मुकादम माणसं घेऊन निघायचे. नुसतं वरवर छाटणं त्यांना पटत नसे. मूळ हातात आल्याशिवाय ते पुढे सरकत नसत.

निवृत्तीनंतर वर्षभरानं विद्यापीठातल्या एक बाई घरी आल्या. वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या. म्हणाल्या, "काका, हा काटा जवळपास नामशेष झालाय. आपल्या गावात पंपघरामागच्या वाळूत थोडी रोपं उरलीत, तेवढीच."

"तिथे राहिला होय!" मुकादम चुकचुकले. "नजरेतून सुटला."

बाईंना वाटलं, काका गंमत करताहेत. त्यांनी लगेच विचारलं, की या रोपांची राखण कराल का? खात्यानंच तुमचं नाव सुचवलंय. मुकादमांना घरात बसून कंटाळा आला होता. ते हो म्हणाले.

बायकोनं मात्र सोडलं नाही. "जन्मभर ज्याच्या मुळावर उठलात, त्याच्याच उशाशी बसणार आता?"

"तुझ्या डोक्याशी बसण्यापेक्षा बरं," म्हणून मुकादम चपला घालून बाहेर पडले.

खात्यानं वाळूभोवती तारेचं कुंपण घातलं, 'आत येऊ नये' अशी पाटी लावली. आत बघण्यासारखं काही नव्हतं. जमिनीला चिकटलेली करड्या लवेच्या पानांची चक्रं, जणू कुणी वाळूवर पायपुसणी टाकलीत. उंची नाही, फूल नाही. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. बाई म्हणायच्या, "वर दिसत नाही, पण तो खाली मूळ लांबवतोय. साठवण करतोय." मुकादम मान डोलवायचे. मूळ किती लांब जातं हे त्यांच्या पाठीला चांगलं ठाऊक होतं.

होता होता त्यांचा जीव एका रोपात गुंतला. कोपऱ्यातलं, सगळ्यांत थोराड. येताना ते त्याच्याकडे आधी बघायचे, जाताना पुन्हा एकदा. तिसऱ्या उन्हाळ्यात त्या रोपानं मधोमध दांडा काढला, तो गुडघ्याएवढा झाला आणि टोकाला काटेरी कळ्या धरल्या. मुकादमांनी घरी जाऊन हे अशा आवाजात सांगितलं, की बायकोला वाटलं मुलीकडून काही गोड बातमी आली.

बाईही खूश झाल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "नीट बघून घ्या हं काका. आयुष्यात एकदाच फुलतो तो. बी पडलं की वाळतो."

"वाळतो म्हणजे?"

"म्हणजे मरतो."

मुकादम त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोची शिवणाची कात्री खिशात घालून गेले आणि सगळ्या कळ्या उडवून मोकळे झाले.

त्या आठवड्यात बाई आल्या तेव्हा दांडा बोडका उभा होता. "हे काय?"

"शेळी आली असेल," मुकादम लांब बघत म्हणाले.

बाईंनी वाकून पाहिलं. "शेळी कात्री घेऊन आली होती का?"

मग मुकादमांनी सांगून टाकलं. फुललं की मरणार, तर फुलूच द्यायचं कशाला? बाई रागावल्या नाहीत, आणि तेच मुकादमांना जास्त लागलं. त्या एवढंच म्हणाल्या, "काका, एवढी वर्षं तो या फुलासाठीच जगला. तुम्ही त्याला वाचवलं नाहीत, निर्वंश केलंत."

घरी बायकोनं कात्रीवरचा चीक पुसत विचारलं, "पोरगी सासरी जाईल म्हणून आपण तिचं लग्न मोडलं होतं का?" मुकादमांना मोडावंसं वाटलं होतं, पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

पण काटा तो काटाच. पुढच्या उन्हाळ्यात त्याच बोडक्या दांड्याच्या बगलेतून दोन नवे फुटवे आले, त्यांना कळ्या धरल्या आणि फुलं उमलली. दाढीच्या ब्रशासारखी, जांभळी. भुंगे आणि मधमाश्या नुसत्या लोळायच्या त्यात. नंतर फुलांची पांढरी म्हातारी झाली आणि वाऱ्यावर उडाली. रोप वाळलं. मुकादमांनी ते उपटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी वाळका काटा उभा ठेवला.

आता कुंपणात पोरंबाळं उगवणार म्हणून सगळे डोळे लावून बसले. कुंपणात उगवलं गवत. राखण इतकी कडक होती, की मुकादम आणि बाई सोडले तर आत कुणाचं पाऊलच पडलं नव्हतं, आणि गवतानं इंचभर वाळू मोकळी सोडली नव्हती. रोपं निघाली कुंपणाबाहेर. पंपघरातली माणसं बिडी ओढायला जिथे उभी राहायची, त्या तुडवलेल्या वाटेच्या दोन्ही कडांना, बोटाएवढी.

बाई म्हणाल्या, "याला मोकळी जमीन लागते. गवतात बी रुजत नाही." मग सभा झाली. पाटी काढायचं ठरलं. कुंपणातलं गवत खणून काढायला माणूस हवा होता, आणि खणण्याच्या बाबतीत खात्याला मुकादमांपलीकडे कुणी सुचलं नाही. पंपघरातल्या माणसांना बाईंनी हात जोडून विनंती केली, की रोज इथेच उभं राहत जा, फक्त रोपावर पाय देऊ नका. त्यातल्या एकानं नुकतीच बिडी सोडली होती. तोही नाइलाजानं येऊन नुसता उभा राहू लागला.

बायको एका संध्याकाळी फिरत फिरत तिकडे आली. मुकादम गवत खणत होते. तिनं वाटेकडेची करडी चक्रं बघितली. "ही? यांच्यासाठी तुम्ही जेवला नव्हतात?"

"अजून लहान आहेत," मुकादम म्हणाले. "जरा बाजूनं चाल."

ती बाजूनं चालली.